अकराव्या तासाचा खेळाडू

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात मी अमेरिकेतील टेक्सस राज्यात पुतण्याच्या घरी तीन महिन्यांसाठी राहावयास गेलो होतो. गाव फार मोठे नव्हे. पण धर्मग्राम नांदता, आणि रविवारच्या मिस्सेला देऊळ भरलेले. पहिल्याच रविवारी शांतिचिन्हाच्या वेळी घडलेली एक बारीकशी गोष्ट या लेखास निमित्त झाली आहे. आमच्या पुढच्या बाकावर एक बाई व तिची चौदा वर्षांची मुलगी होती. बाई मागे वळली, माझा हात तिने आपुलकीने हाती घेतला, पुतण्याला व सुनेला शांती दिली, आणि माझ्या नातीपुढे येताच तिचा हात क्षणभर अवघडला. मुलगी तर वळलीच नाही. वेदीकडे पाहत ती ताठ उभी राहिली.

परतताना गाडीत मी सहज विचारले. उत्तर नातीनेच दिले. “आजोबा, तिची जागा मला मिळाली ना!”

जागा व्हॉलीबॉलच्या संघातली. गावच्या सरकारी शाळेने त्या महिन्याच्या आरंभी नववीच्या मुलींची निवडचाचणी घेतली होती. संघात बारा मुली घ्यावयाच्या होत्या. पुढच्या बाकावरची ती मुलगी त्याच शाळेत शिकणारी, आठवीपर्यंत शाळेच्याच संघातून खेळलेली. माझी नात शाळेत जातच नाही. ती घरी आईजवळ शिकते. तरीही चाचणीला गेली, उंचीने व हाताच्या चपळाईने निवडली गेली, आणि यादीत तेराव्या ठरलेल्या मुलीला घरी जावे लागले. दोघी एकाच धर्मशिक्षणाच्या वर्गात बसतात, हे आणखी एक.

मी जन्मभर वसईत शाळामास्तरकी केली. त्यातील बरीच वर्षे संध्याकाळी मैदानावर शिट्टी घेऊन उभा राहिलो. त्यामुळे हा प्रश्न मला पाहुण्याचा वाटला नाही. जे मूल शाळेच्या वर्गात बसत नाही, त्याने शाळेच्या संघात खेळावे काय? अमेरिकेत गेली तीसेक वर्षे यावर विधिमंडळांत वाद होत आहेत, न्यायालयांत निवाडे होत आहेत. वरवर पाहता क्षुल्लक प्रश्न. पण त्याच्या तळाशी हक्क, कर्तव्य आणि शेजारधर्म यांची गुंतागुंत आहे, व आपल्या श्रद्धेचाही त्याच्याशी संबंध पोहोचतो.

प्रथम गृहशिक्षणाविषयी थोडेसे. आपल्याकडे शाळा सुटलेले मूल सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसते, आणि त्यात कमीपणा मानला जातो. अमेरिकेतील गृहशिक्षण हे तसे नव्हे. तेथे आईबाप विचारपूर्वक मुलाला शाळेतून काढतात, अथवा मुळातच घालत नाहीत. जॉन होल्ट नावाच्या शिक्षकाने शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी १९७७ मध्ये एक नियतकालिक काढले. तो शाळेच्या कोंडवाड्याला कंटाळलेला होता. त्याच्यामागोमाग श्रद्धाळू कुटुंबे अगदी वेगळ्या कारणाने त्याच वाटेला आली. १९९३ पर्यंत गृहशिक्षण पन्नासही राज्यांत कायदेशीर झाले. १९९९ साली अशी मुले साडेआठ लाखांच्या घरात होती. २०१६ पर्यंत ती सुमारे सतरा लाखांवर गेली, आणि २०२० च्या महामारीने या आकड्यांत आणखी भर घातली.

कॅथलिक वाचकाला यात परके काही वाटू नये. १९२२ साली ऑरेगन राज्याने जनमताचा कौल घेऊन एक कायदा केला: प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे. त्याचा रोख मुख्यतः कॅथलिक शाळांवर होता, आणि त्याच्या पाठीराख्यांत कू क्लक्स क्लॅन ही कॅथलिकद्वेष्टी संघटना होती. येशू-मरियेच्या पवित्र नामाच्या धर्मभगिनी न्यायालयात गेल्या. १९२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. मूल म्हणजे केवळ राज्याची वस्तू नव्हे. त्याला वाढविणाऱ्यांनाच त्याची दिशा ठरविण्याचा अधिकार व जबाबदारी आहे, असा त्या निवाड्याचा आशय. परमगुरू अकरावे पायस यांनी १९२९ च्या आपल्या शिक्षणविषयक परिपत्रकात या निवाड्याचा मुद्दाम उल्लेख केला. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये आईवडील हेच मुलांचे आद्य व प्रमुख शिक्षक होत, असे निःसंदिग्धपणे सांगितले. तेव्हा माझ्या सुनेने जे केले ते धर्माच्या चौकटीत पूर्णपणे बसते. तिची अडचण साधी होती. मुलीला अक्षरे उलटसुलट दिसत. वर्गाचा वेग तिला झेपेना. तिसरीत ती रोज रडत घरी येई. नोकरी सोडून आई तिच्याशेजारी बसली, आणि दोन वर्षांत मूल वाचू लागले. अशा आईला नावे ठेवण्याची मला छाती नाही.

परंतु वाचनासाठी आई पुरली, तरी व्हॉलीबॉलला सहा जणी लागतात. प्रश्न येथून सुरू होतो.

फ्लोरिडा राज्याने १९९६ मध्ये गृहशिक्षित मुलांना सरकारी शाळांच्या संघांची दारे उघडली. त्या दारातून गेलेला सर्वांत नामांकित खेळाडू म्हणजे टिम टीबो. बाप्टिस्ट मिशनरी आईबापांचा हा मुलगा १९८७ मध्ये फिलिपाइन्समध्ये जन्मला, घरीच शिकला, आणि मनाजोग्या शाळेतून फुटबॉल खेळता यावा म्हणून आईसह शेजारच्या परगण्यात भाड्याच्या घरात राहावयास गेला. (हा फुटबॉल आपला नव्हे, हाताने फेकण्याचा, अंगाला अंग भिडविण्याचा अमेरिकी खेळ.) २००७ साली विद्यापीठीय खेळाडूंचा सर्वोच्च मान समजला जाणारा हाइझमन चषक त्याला मिळाला, आणि तेव्हापासून राज्याराज्यांतील अशा विधेयकांना लोक टीबोचेच नाव देऊ लागले. सर्वत्र स्वागत झाले असे मात्र नाही. व्हर्जिनियात विधिमंडळाने संमत केलेले असे विधेयक राज्यपाल टेरी मॅकऑलिफ यांनी २०१५, २०१६ व २०१७ असे लागोपाठ तीन वर्षे नकाराधिकार वापरून परत पाठविले. वेस्ट व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अशा मुलांना बाहेर ठेवण्याचा नियम वैध ठरविला होता. पुढे तेथील कायदाच बदलला. टेक्ससने २०२१ मध्ये मधला मार्ग काढला: मुभा द्यावी की न द्यावी हे ज्या त्या भागातील शाळामंडळाने ठरवावे. पुतण्याच्या गावच्या मंडळाने दिली.

त्याच रात्री जेवताना मी पुतण्याला म्हटले, “अरे, हे बरोबर झाले असे तुला वाटते का?”

“का नाही, काका? मी कर भरत नाही का?”

हे उत्तर तेथे सर्वांच्या तोंडी आहे. टेक्ससमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही. शाळांचा मोठा भार घरादारावरील करावर असतो, आणि पुतण्याच्या घराचा कर ऐकून मला ठसका लागला होता. इतका पैसा भरूनही आपले मूल शाळेच्या अंगणात पाय ठेवू शकत नसेल, तर अन्याय झाल्यासारखे वाटणे साहजिक आहे. तरीही हा युक्तिवाद मला पटत नाही, आणि तो आपल्या लोकांनी करावा याचे वाईट वाटते. कर म्हणजे शुल्क नव्हे. निपुत्रिक म्हातारा शाळेचा कर भरतो. तो संघात जागा मागत नाही. ज्याच्या घराला कधी आग लागली नाही, तो अग्निशमन दलाकडे पैसे परत मागत नाही. ख्रिस्तसभा कर भरणे हे सार्वहितासाठीचे कर्तव्य मानते. कर्तव्य केल्याची पावती दाखवून कोणी माल मागू लागला, तर ते कर्तव्य राहत नाही, खरेदी होते. अमेरिकेतील कॅथलिकांना तर हे अधिक कळावयास हवे. १८८४ मध्ये बाल्टिमोरच्या तिसऱ्या महापरिषदेत तेथील बिशपांनी प्रत्येक धर्मग्रामाची स्वतःची शाळा असावी असे ठरविले. त्यानंतर कितीतरी पिढ्यांतील गिरणीकामगारांनी व खाणकामगारांनी सरकारी शाळेचा करही भरला आणि आपल्या धर्मग्रामाच्या शाळेला वर्गणीही दिली. त्यांनी दोन्हींची झळ सोसली.

शिवाय हिशेब करावयाचाच तर तो पुरता करावा. टेक्ससमध्ये राज्याचा निधी शाळेला विद्यार्थ्यांच्या सरासरी हजेरीवर मिळतो. माझी नात हजेरीपटावर नाही. म्हणजे तिचा गणवेश, तिचा बसप्रवास, प्रशिक्षकाचा तिच्यावरील वेळ, हे सारे त्या हजेरीच्या हिशेबात येत नाही. पुतण्या अभियंता आहे. हे ऐकून तो गप्प बसला. मला मात्र जिंकल्यासारखे वाटले नाही, कारण मूळ प्रश्न पैशाचा नाहीच, हे दोघांनाही ठाऊक होते.

दुसरी अडचण परीक्षेची. १९८४ पासून टेक्ससमध्ये कडक नियम आहे: शाळेतील खेळाडू एखाद्या विषयात सत्तर गुणांच्या खाली गेला, की काही आठवडे सामन्यातून बाहेर. कित्येक मुलांना याच नियमाने अभ्यासाला लावले आहे. घरी शिकणाऱ्या मुलीचे काय? नव्या कायद्याप्रमाणे तिला आरंभी एक मान्यताप्राप्त बाहेरची चाचणी देऊन आपल्या इयत्तेची पात्रता दाखवावी लागते, आणि पुढे वेळोवेळी मुलगी सर्व विषयांत उत्तीर्ण आहे असे पालकांनी लिहून द्यावयाचे असते. पालकांनी! म्हणजे आईच शिक्षक, आईच परीक्षक, आणि मुलगी खेळावी म्हणून देवाला नवस बोलणारीही आईच. शाळेतल्या मुलांनी याला हसावे नाही तर काय करावे? याबद्दल पुढे सांगतो.

गंमत अशी, की या मुभेला सर्वांत कडवा विरोध काही गृहशिक्षक पालकांचाच असतो. आज चाचणी, उद्या निरीक्षक, परवा अभ्यासक्रम, अशी सरकारची पावले घरात शिरतील, ही त्यांची भीती. उंटाला तंबूत डोके घालू दिलेल्या अरबाची गोष्ट मला तेथे दोनदा ऐकावी लागली. भीती अगदीच निराधार नाही. पण ज्याला कोणाचेच काही घ्यावयाचे नाही त्यानेच ती बाळगावी. शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरावयास जायचे आणि त्याने आपला घडा पाहू नये म्हणायचे, हे जमत नाही.

त्या दिवसांत संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला माझ्या मनात सारखा येत होता. पहाटेपासून राबलेले मजूर, आणि दिवस कलताना, अकराव्या ताशी आलेले मजूर. मजुरी सर्वांना सारखीच, आणि पहाटेचे मजूर कुरकुरतात. पुढच्या बाकावरची ती ताठ उभी राहिलेली मुलगी म्हणजे पहाटेचा मजूर नव्हे काय? सकाळी आठला बस, सात तास वर्ग, कंटाळवाणे गणित, खडूस शिक्षक, डब्याच्या सुट्टीतील भांडणे, हे सारे तिने सोसले. आणि दुपारी चारला, वर्ग सुटल्यावर, दुसरी कोणी मोटारीतून उतरते आणि सरळ मैदानावर जाते. प्रभूने त्या कुरकुरणाऱ्यांना काय उत्तर दिले ते आपण जाणतो. तेव्हा हा दाखला माझ्या नातीच्या बाजूने आहे, असे मी प्रथम धरून चाललो.

पण दाखला नीट वाचावा लागतो. एक तर तेथे मळ्याचा धनी आपल्या पदरचे देतो. शाळेला असा धनी नाही. प्रशिक्षक उदार झाला, तर तो दुसऱ्याच्या पदरचे देतो. दुसरे असे, की दीनार अकराव्या ताशी आलेल्यांना दिले म्हणून पहाटेच्यांचे एक नाणेही कमी झाले नाही; त्यांना ठरलेले मिळाले, त्यांची तक्रार केवळ मत्सराची होती. संघात तसे नसते. बारा म्हणजे बारा. तेरावीला नाणे मिळतच नाही. तिच्या दुःखाला मत्सर म्हणणे क्रूरपणाचे होईल. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत बोचली. बाजारात रिकामे उभे असलेल्या त्या मजुरांना धनी विचारतो, येथे दिवसभर का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हांला कोणी कामाला लावले नाही. गृहशिक्षित मुलांच्या आईबापांना असे म्हणता येईल का? त्यांना तर पहाटेच बोलावणे आले होते. त्यांनी आभार मानून नकार दिला.

येथे मी कित्येक दिवस अडखळून राहिलो. मग एके संध्याकाळी नातीला अंगणात एकटीच भिंतीवर चेंडू मारताना पाहिले, आणि लक्षात आले, की पहाटे नकार दिला तो तिने नव्हे. आठ वर्षांच्या मुलीला कोणी विचारले होते? निर्णय योग्य होता, तिच्या भल्याचा होता. पण तो आईबापांचा होता. तिच्यापुरते पाहिले तर तिला खरोखरच कोणी बोलावले नव्हते. आपण मोठी माणसे ‘गृहशिक्षित’ आणि ‘शाळेतले’ असे दोन तट करून भांडतो, त्या तटांवर मुले स्वतः होऊन चढलेली नसतात.

याच ठिकाणी मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या शाळेच्या मैदानाला लागून एक केळीची वाडी होती. तेथला मुलगा आठवीत असताना बाप वारला, आणि धाकट्या भावंडांसाठी तो शाळा सोडून वाडीत राबू लागला. संध्याकाळी पाट बांधून झाला, की चिखलाचे पाय घेऊन कुंपणापाशी येऊन उभा राही. एकदा गडी कमी पडला म्हणून मी त्याला आत घेतले. तसा स्मॅश मी नंतर क्वचितच पाहिला. सामने जवळ आले. आंतरशालेय स्पर्धेत तो खेळू शकणार नव्हता, कारण त्याचे नाव पटावर नव्हते. तो नियम मी बदलू शकत नव्हतो. पण मी त्याहून पुढे गेलो. सरावातही त्याला घेणे मी बंद केले. ज्याचा सामन्यात उपयोग नाही त्याच्यावर वेळ कशाला दवडा, असा माझा हिशेब. तो आणखी काही दिवस कुंपणापाशी आला. मग आला नाही. त्याच्यासाठी कोणी कायदा मागितला नाही, विधिमंडळात कोणी उभे राहिले नाही, कोणी न्यायालयात गेले नाही. अमेरिकेतला हा सारा वाद ऐकताना राहून राहून वाटे, की आपले मूल बाहेर राहिले याची दाद मागावयासही आईबाप शिकलेले व सुस्थित असावे लागतात. शाळेबाहेरच्या मुलासाठी दार उघडावयाचे, तर ते केवळ त्या घरांसाठी उघडून भागणार नाही.

तर मग माझे मत काय? दार उघडावे. परंतु ते हक्क म्हणून ठोठावू नये. शेजारी म्हणून ठोठावावे. अमेरिकेतील लहान गावांत शाळेचा संघ हा केवळ शाळेचा नसतो. सामन्याच्या संध्याकाळी दुकाने लवकर बंद होतात, म्हातारी माणसे उशा घेऊन बाकांवर येऊन बसतात. आपल्याकडे सणाच्या मिरवणुकीला जे स्थान, तेच तेथे त्या सामन्याला. मिरवणुकीत चालण्यासाठी कोणी कोणाच्या शाळेचा दाखला मागत नाही. गावातले मूल गावाच्या संघात असावे, ही गावाच्या दृष्टीने भलाईचीच गोष्ट आहे. वाद्यवृंद, वक्तृत्व, नाटक यांचे तर बोलावयासच नको. तेथे एक तुतारी वाढली तर कोणाची तुतारी काढून घ्यावी लागत नाही, आणि अशा उपक्रमांतही घरच्या मुलांना मज्जाव करणाऱ्या शाळा मला निव्वळ आढ्यतेच्या वाटतात. आपल्या धर्मग्रामांनीही हात झटकू नयेत. शिकागोचे बिशप बर्नार्ड शील यांनी १९३० साली कॅथलिक युवा संघटना काढली, ती मुष्टियुद्धाचे आखाडे मांडून. कोणत्या शाळेत जातोस हे विचारण्याआधी हातमोजे चढवीत. ती परंपरा धर्मग्रामांनी पुन्हा जोमाने चालविली, तर निम्मा तंटा न्यायालयाबाहेरच मिटेल.

शेजारी म्हणून आत येणाऱ्याने मात्र घरचे नियम पाळले पाहिजेत, आणि तेही नाइलाजाने नव्हे. सरावाला पहिले येणे, जाळे बांधणे, राखीव बाकावर बसणे, शाळेच्या मुलींना जी शिक्षा तीच आपल्याला. आणि आपले शिक्षण बाहेरच्या माणसाला तपासू देणे. जो पालक संघ हवा म्हणतो आणि तपासणी नको म्हणतो, त्याला सभासद व्हावयाचे नाही, गिऱ्हाईक व्हावयाचे आहे.

हे सर्व लिहिणे सोपे. त्याची किंमत काय असते ते मी ऑक्टोबरात पाहिले. आईने शाळेला पत्र देण्याची वेळ आली होती. नातीचे वाचन सुधारले होते. पण बीजगणितात ती मागे होती. सुनेने स्वतः काढलेल्या प्रश्नपत्रिकेत तिला बासष्ट गुण पडले. रात्री स्वयंपाकघरात नवराबायकोचे हलक्या आवाजात बोलणे चालले होते. मला ऐकू येत होते. पुतण्या म्हणत होता, “अगं, पुन्हा एकदा घे परीक्षा. सोपी काढ थोडी. कोणाला कळणार आहे?” बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या दुसऱ्या मुलीला कोणी सोपी काढून दिली असती का?”

सकाळी तिने मला विचारले, “काका, तुम्ही मास्तर होतात. तुम्ही काय केले असते?”

मी म्हटले, “बाई, मी काय केले असते ते मी सांगू शकत नाही. मी काय केले ते ठाऊक आहे.” आणि वाडीतल्या त्या मुलाची गोष्ट तिला सांगितली. त्या गोष्टीत तिच्या प्रश्नाचे उत्तर होते असे नाही. तिने पत्रात खरे ते लिहिले. शाळेने नियमाप्रमाणे नातीला सामन्यांतून बाहेर ठेवले. नात दोन दिवस आईशी बोलली नाही, आणि बापाशी फार बोलली. मला वाटते त्या दोन दिवसांत त्या घराने गृहशिक्षणाची जेवढी किंमत मोजली तेवढी मागच्या सहा वर्षांत मोजली नसेल.

त्याच आठवड्यात एक सामना होता. नात येणार नाही असे मी धरले होते. पण ती साध्या कपड्यांत आमच्याबरोबर आली. पुढच्या बाकावरची ती मुलगीही तेथे होती. संघात जागा नसल्याने प्रशिक्षकाने तिला आकडेवारी टिपण्याचे काम दिले होते, आणि ती मांडीवर वही घेऊन पायरीवर बसली होती. खेळ वेगात चालला होता. कोणी सर्व्हिस केली, कोणाचा चेंडू जाळ्यात गेला, हे पाहायचे आणि लिहायचे, दोन्ही एकाच वेळी तिला जमेना. तिने एकदा मान वर करून इकडेतिकडे पाहिले. माझी नात उठली, चार पायऱ्या उतरली आणि तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसली. पहिला सेट संपेपर्यंत दोघी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या सेटमध्ये मला वरून ऐकू आले: नात पटावरचे क्रमांक मोठ्याने सांगत होती, आणि ती लिहीत होती.